टाकीतील त्रिसरण

वाचक बंधूंनो आणि भगिनींनो,

पुढील पानांत एका माणसाच्या भीतीची हकीकत निवेदन केली जाणार आहे. या हकीकतीत युद्ध नाही, राजा नाही आणि चमत्कारही नाही. एक पाण्याची टाकी आहे, एक चपलांचा जोड आहे, आणि ज्या माणसाने पंचवीस वर्षे सर्व गावाला पाणी पाजले, त्याच्यावर त्याच पाण्याने आणलेला एक कठीण प्रसंग आहे. भीती ही वस्तू लहान-थोर किंवा शिकलेला-अडाणी असा भेद जाणत नाही. तेव्हा सर्वांनी शांत चित्ताने वाचावे, एवढी नम्र विनंती करून आरंभ करतो.

मंगरूळपीर तालुक्यात आसेगावच्या पलीकडे धामणदरी नावाचे गाव आहे. तेथील पाण्याची टाकी बौद्धवस्तीच्या मागे, बुद्धविहारापासून शंभर पावलांवर, सिमेंटच्या चार खांबांवर उभी आहे. टाकी आता म्हातारी झाली. तिच्या माथ्यावरचा स्लॅब ठिकठिकाणी फुगला आहे आणि आतल्या सळया बरगड्यांप्रमाणे दिसू लागल्या आहेत. तपासणीस आलेल्या साहेबांनी खांबावर लाल रंगाने लिहवून घेतले होते की, वर एका वेळी एकाच माणसाने चढावे. तो एक माणूस म्हणजे देवमन.

देवमन सोनाजी अंभोरे हा ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी होय. वय अठ्ठावन्न, अंगकाठी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखी, बोलणे कमी. टाकी धुणे, पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकणे, गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवणे ही त्याची कामे. टाकीखालच्या खोलीत स्टार्टरचे बटन दाबून विहिरीवरची मोटर चालू करणे हे काम ग्रामपंचायतीचा शिपाई जगदेव गावंडे याचे. जगदेव हा शेतकऱ्याच्या घरचा, पोटाने सुटलेला आणि तोंडाने त्याहून अधिक सुटलेला. दोघांची दोस्ती टाकीएवढीच जुनी.

या दोघांत एक नियम होता, आणि तो कोठेही लिहिलेला नव्हता. देवमन अनवाणी वर चढायचा आणि आपल्या चपला शिडीच्या पायथ्याशी ठेवायचा. चपला तेथे आहेत तोवर बटनाला हात लावायचा नाही. चपला नाहीत, म्हणजे टाकी मोकळी. त्या चपलाही ओळखू येतील अशा होत्या. एकीचा पट्टा निळा, दुसरीचा तुटल्यामुळे मोचीने लावून दिलेला पिवळा.

"तुह्या चपलेले मी रोज पाह्यतो रे देवमन," जगदेव म्हणायचा, "एवढं तं माह्या बायकोच्या तोंडाकडे पाह्यत नाही."

"पाह्यत जाय मंग," देवमन म्हणायचा, "नाई तं एक दिवस तिच्याच चपला पाठीवर दिसतीन."

पंचवीस वर्षांत या नियमाला एकदाही बाध आला नाही. तो आला बुद्धपौर्णिमेच्या सकाळी.

त्या दिवशी पंचक्रोशीतून पाहुणे येणार होते. केनवडहून देवमनची बहीण रंजीता मुलाबाळांसह आलेली होती. विहारापुढे पंचशील ध्वज चढवला गेला, आणि आठ वाजता सर्व उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे परिधान करून आत बसू लागले. दाराशी चपलांचा ढीग झाला. देवमनच्या चपलाही त्या ढिगात होत्या. तो पुरुषांच्या शेवटच्या ओळीत, मागच्या दाराजवळ बसला.

बसताक्षणी त्याच्या मनात एक गोष्ट चमकली. आदल्या दिवशी त्याने टाकी धुतली होती आणि सणाच्या गडबडीत टीसीएल कालवण्याची पाच लिटरची कॅन आणि भिंती घासण्याचा बारदानाचा तुकडा आतच राहून गेला होता. तो तुकडा खालच्या नळाच्या तोंडात बसला, तर खिरीच्या पंगतीला गावात पाण्याचा थेंब मिळणार नाही. घरांची आणि विहाराची वीज होती, पण लाईन, म्हणजे मोटर चालवणारी थ्री फेज वीज, साडेआठला यायची होती. आता वाजले होते आठ. शंभर पावले जायचे, कॅन काढायची आणि यायचे. भंतेजी अजून आसनावर बसलेही नव्हते.

पुढच्या दाराशी जाऊन शंभर चपलांतून आपला जोड शोधणे म्हणजे सर्वांसमोर वंदनेतून उठून जाणे. देवमनला ते प्रशस्त वाटले नाही. तो मागच्या दाराने हळूच बाहेर पडला. अनवाणी. वाचकहो, हीच ती चूक. टाकीकडे जाताना आपल्या पायात काही नाही हे त्याला कळले, परंतु टाकीवर तर तो नेहमी अनवाणीच चढत असे, म्हणून त्याचे त्याला काही वाटले नाही.

वर गेल्यावर त्याने नवा पांढरा शर्ट आणि पायजमा काढून घडी केली, त्यावर एक दगड ठेवला आणि बनियन-चड्डीवर टाकीच्या तोंडातून आत उतरला. मोबाईल शर्टाच्या खिशात राहिला. आतील लोखंडी शिडीला वर्षानुवर्षे टीसीएलच्या पाण्याने खाल्लेले होते. वरचे दोन गज त्याने ओलांडले. तिसऱ्यावर पाय पडला, आणि उरलेली सारी शिडी भिंतीपासून सुटून त्याच्यासह खाली आली.

डाव्या खांद्यावर तो आदळला. उजवा घोटा मुरगळला. काही क्षण त्याला श्वासच घेता आला नाही. श्वास आला तेव्हा प्रथम जाणवला तो टीसीएलचा उग्र दर्प, मग अंधार, आणि मग डोक्यावर दिसणारा आभाळाचा गोल तुकडा, परातीएवढा.

टाकी आत दहा फूट खोल. वरचे दोन गज अजून भिंतीला धरून होते. देवमनने भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहून उजवा हात ताणला. गज हातभर वर राहिला. त्याने कॅन उपडी ठेवली आणि तिच्यावर चढून पाहिले. शेवाळावरून कॅन घसरली आणि तो पुन्हा त्याच खांद्यावर पडला. मोडक्या शिडीचे तुकडे उचलून पाहिले, तर ते हातातच बिस्किटासारखे चुरले. हातभर अंतर! एवढ्या अंतरावर माणूस ताटातली भाकर उचलतो.

मग तो ओरडला. "जगदेव! अरे जगदेव! कोणी हाये का बे?"

टाकीने तोच आवाज गोल फिरवून त्याच्या कानात परत घातला. आणि नेमक्या त्याच वेळी विहारावरचा भोंगा सुरू झाला. इंद्रभान पडघान यांनी माईक हाती घेऊन वंदनेस आरंभ केला, आणि त्या गंभीर आवाजाने सारे गाव भरून गेले. ज्या शब्दांनी देवमनचे बालपण भरलेले होते, तेच शब्द आता त्याच्या हाकेवर झाकणासारखे बसले.

वर मोबाईल वाजला. गंगू, म्हणजे त्याची पत्नी, त्याला शोधत असली पाहिजे. तो वाजत राहिला. देवमन मान वर करून त्या आवाजाकडे पाहत राहिला, जणू पाहण्याने तो उचलला जाईल. मग तो थांबला. पुन्हा वाजला नाही.

ती उठून शोधायला येईल, असे त्याला वाटले. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांपुढे विहाराचे दार आले. दारापुढचा ढीग आला. त्या ढिगात निळा पट्टा आणि पिवळा पट्टा. गंगू बाहेर डोकावेल, चपला पाहील आणि म्हणेल, आहेत आतच, बसले असतील माणसांत. आणि जगदेव? तो लाईन येताच टाकीपाशी येईल. शिडीच्या पायथ्याशी पाहील. तेथे काही नसेल. तो बटन दाबेल.

देवमनच्या काळजाचे पाणी पाणी झाले. कारण आणखी एक गोष्ट होती, जी गावात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. देवमनला पोहता येत नव्हते. त्याच्या लहानपणी गावात पोहण्याची विहीर एकच होती, आणि तिच्या पायऱ्या त्याच्या वस्तीतील मुलांसाठी नव्हत्या. पुढे दिवस पालटले, नळ आले, टाकी आली आणि टाकीची किल्लीही त्याच्या हाती आली. परंतु ज्या वयात मूल पोहायला शिकते, ते वय काही परत आले नाही.

आणि भीती त्याहूनही जुनी होती. तो आठ वर्षांचा असताना मालकाच्या वाड्यात पेव उघडले होते. पेव म्हणजे ज्वारी साठवायचे जमिनीखालचे कोठार, रांजणासारखे, वर तोंड लहान आणि खाली पोट मोठे. आतली हवा खराब आहे की काय, हे पाहण्यासाठी आधी कंदील सोडतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. त्या दिवशी कंदिलात तेल नव्हते. म्हणून दोरीने देवमनला सोडले. खाली गेल्यावर त्याच्या छातीवर कोणीतरी बसल्यासारखे झाले, वरचा उजेड सुपारीएवढा झाला आणि तो हाक मारायला गेला तर आवाज निघेना. त्याला वर ओढले तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते. तेव्हापासून बंद जागेत त्याचा जीव घाबरा होई. टाकीत उतरताना तो नेहमी जगदेवला खाली उभे करून बोलते ठेवी. जगदेवला वाटे की देवमनला आपल्या गप्पा आवडतात.

आता बोलणारे कोणी नव्हते. छातीवर तेच बसले. भिंती जवळ सरकत आहेत असे वाटू लागले.

पेवातून काढल्यावर त्याच्या आईने त्याला मांडीवर घेऊन सांगितले होते, "भेव वाटलं का बुद्धाचं नाव घे बाबू. तो काई दोरी टाकत नाही. पण तुह्यं मन तं वर राहीन." तो आता तेच करू लागला, त्रिसरण म्हणू लागला. "बुद्धं सरणं गच्छामि." तोंड म्हणत होते, पण मन वरच्या पाइपाकडे पाहत होते. "धम्मं सरणं..." पाइपातून एक थेंब पडला. तो दचकला आणि पुढचे विसरला. ज्या ओळी झोपेतही चुकत नसत, त्या जिभेवरून निसटू लागल्या. याचे त्याला भीतीहूनही अधिक दुःख झाले. साऱ्या जन्मात जे जोडले, ते वेळेवर कामी येऊ नये!

आणि लाईन आली.

प्रथम पाइपात हवा घरघरली. मग खोकल्यासारखे दोन उमाळे आले. मग पाण्याचा जाड लोट समोरच्या भिंतीवरून खाली कोसळू लागला. एवढ्या आवाजात आपण ओरडलो की नाही, हेही देवमनला कळेना. तो भिंतीशी चिकटून उभा राहिला आणि नखांनी सिमेंट खरवडू लागला. पाणी घोट्याला लागले. थंडगार पाणी, ज्याची वैशाखात सारे गाव वाट पाहते.

मागच्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील प्रवचनांच्या दिवसांत, भंतेजींनी एक गोष्ट सांगितली होती. रानात एकट्या राहणाऱ्या भिक्खूंना भय वाटे. तेव्हा भगवंतांनी त्यांना सांगितले की, लढाईतला सैनिक घाबरला की आपल्या सेनेच्या ध्वजाकडे पाहतो. तुम्ही भ्यालात तर माझे स्मरण करा. माझे स्मरण होत नसेल तर धम्माचे करा. तेही होत नसेल तर संघाचे करा. ते ऐकून देवमनला त्या वेळी आश्चर्य वाटले होते. स्वतः भगवंतांना ठाऊक होते की, भ्यालेल्या माणसाला एखादे वेळी माझेही स्मरण होणार नाही! आणि त्याबद्दल ते रागावले नव्हते. त्यांनी दुसरी जागा सांगून ठेवली होती.

ही आठवण होताच त्याच्या मनावरचे एक ओझे उतरले. ओळी विसरल्या, तो काही गुन्हा नव्हता. त्याने पुढची जागा धरली. धम्माच्या वंदनेत एक शब्द येतो, एहिपस्सिको. ये आणि पाहा. भंतेजी म्हणत, पाहा म्हणजे जे आहे ते पाहा, जे नाही ते पाहू नका.

देवमनने खाली पाहिले. पाणी गुडघ्याला होते. भीती त्याला सांगत होती की पाणी गळ्याशी आले, नाकातोंडात गेले. परंतु पाणी गुडघ्याला होते. गळ्यापर्यंतचे पाणी अजून विहिरीत होते.

तो मोठ्याने म्हणाला, "गुडघा." त्याला स्वतःचे नवल वाटले. थोड्या वेळाने म्हणाला, "मांडी." दोहोंच्या मध्ये त्याने त्रिसरण म्हटले, सावकाश, जसे लहान मुलाला चालवावे तसे एकेका शब्दाला हात धरून. पाण्याच्या आवाजातून भोंग्याचा आवाज पुसट ऐकू येत होता. तेथे आता संकटापासून रक्षणासाठी म्हणतात तो परित्राण पाठ सुरू झाला होता. तो काही त्याला सबंध येत नव्हता. पण एक ओळ ऐकू आली की तो तिला धरी, सुटली की पुन्हा त्रिसरणावर येई.

पाहता पाहता त्याला आणखी एक गोष्ट दिसली. ती मघापासून तेथेच होती. पाण्यावर ती पाच लिटरची कॅन तरंगत होती. तिचे झाकण घट्ट होते. त्याने ती ओढून बनियनच्या आत, छातीशी घातली आणि उजव्या हाताने कवटाळली. जिला काढण्यासाठी तो आत उतरला होता, तीच आता त्याचा आधार होऊ पाहत होती. आणि मग, भीतीने एवढा वेळ ज्याकडे पाहू दिले नव्हते, ते त्याने पाहिले. गज हातभर वर होता. पाणी वर चढत होते. आपण पाण्यावर राहिलो, हातपाय मारले नाहीत, कॅन सोडली नाही, तर हेच पाणी आपल्याला गजापर्यंत नेऊन सोडील. बुडवणारे आणि काढणारे पाणी एकच. मध्ये फक्त आपले मन आहे.

पाणी कमरेला आले. छातीला आले. गळ्याशी आले. पाय उचलण्याची वेळ आली आणि त्याने जन्मात प्रथमच आपला सारा भार पाण्यावर टाकला. कॅनने त्याला धरले. एकदा तोंडात पाणी गेले, ठसका लागला, हात सुटू पाहिला. "दुतियम्पि," म्हणजे दुसऱ्यांदाही, तो म्हणाला, "दुतियम्पि," आणि हात घट्ट झाला. गज आता दोन वितींवर आला असेल.

तेवढ्यात लाईन गेली.

लोट बारीक झाला, धार झाली, थेंब झाले, बंद पडला. अशी शांतता देवमनने कधी ऐकली नव्हती. दोन विती! मघाशी ज्या लाईनीची त्याला दहशत होती, तिच्यासाठी आता त्याचा जीव तडफडू लागला. खांदा बधिर झाला होता आणि कॅन धरलेला हात सुन्न पडत होता. किती वेळ? धामणदरीची लाईन गेली तर घटकेने येते, नाहीतर उद्या येते.

त्याला पुन्हा ओरडावेसे वाटले. परंतु ओरडण्यासाठी श्वास भरून घेतला की कॅन हलत होती आणि नाकात पाणी जात होते. सावकाश म्हणण्याने मात्र अंग स्थिर राहत होते. म्हणून तो म्हणतच राहिला. रिकाम्या भागाने त्याचा आवाज रांजणातल्यासारखा घुमवून वरच्या तोंडातून बाहेर सोडला.

या वेळी साऱ्या गावाचीच वीज गेल्याने इकडे विहारातही लाईन गेलेली होती. भोंगा अर्ध्या शब्दावर बंद पडला. इंद्रभान पडघान हे माईक ठोकून पाहू लागले. पाठ खंडित झाला, सर्वजण गप्प बसले. आणि त्या स्तब्धतेत उपासक-उपासिकांनी स्पष्ट ऐकले की, वरून, आभाळातून, कोणीतरी एकटेच म्हणत आहे. "ततियम्पि संघं सरणं गच्छामि."

"कोण म्हणून राह्यलं हो?" एक म्हातारी कुजबुजली.

गंगू ताडकन उठली. चाळीस वर्षे रोज सांजेला शेजारी बसून ऐकलेला तो आवाज होता. "अवो, हे तं आमचे," एवढेच ती बोलली. पुरुषांच्या ओळीकडे पाहिले, तेथे देवमन नव्हता. दाराकडे पाहिले, तेथे चपला होत्या. ती अनवाणीच धावत सुटली.

टाकीखाली जगदेव पॅनलच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून बिडी ओढत होता; ते म्हणणे त्याला विहारातलेच वाटले होते. "काय झालं व गंगूवयनी?"

"मोटर चालू केलती का तुमी?"

"हाव. पाऊण तास चालली ना. आता गेली लाईन. काहून?"

"आतमंदी हायेत ते!"

जगदेवची बिडी गळून पडली. "नाही," तो म्हणाला. "नाही नाही. चपला कुठी हायेत? मी पाह्यलं ना. मी चपला पाह्यल्या." तो शिडीच्या पायथ्याची मोकळी जमीन हाताने चाचपू लागला, जणू चपला मातीत गेल्या असाव्यात.

माणसे जमली. शेजारच्या रतनसिंगच्या गोठ्यातून बैलाचा कासरा आणला. पण वर एकाच माणसाने चढायचे होते, तेही हलक्या. गंगूने पदर खोचला, कासरा खांद्यावर टाकला आणि कोणी काही बोलण्याच्या आत शिडी चढली. सारे गाव खाली मान वर करून उभे राहिले.

"अवो!" तिने तोंडातून आत वाकून हाक मारली.

खालून, अगदी जवळून, पण अंधारातून उत्तर आले. "गंगू, शर्टावर पाय देऊ नको. नवा हाये."

गंगूला एकाच वेळी हसू आणि रडू आले. "आग लागो त्या शर्टाले! तुमाले काही अक्कल? सांगून जायाले तोंड नव्हतं?"

"वंदना चालू होत होती ना."

"आता कोणाची चालू हाये?" गंगू म्हणाली. "कासरा सोडतो, काखेत बांधा. ओढतो मी."

"तू नाही ओढू शकत. खांदा उतरला माहा. बांध तू कासरा वरच्या कड्याले, मी हात अडकवून राह्यतो." तो थांबला. श्वास घेतला. "जगदेवले सांग, लाईन आली का बटन दाबाचं."

"काय?"

"पाणी वर आलं तं मी येतो. दोन विती पाह्यजेत."

गंगूने खाली ओरडून ते सांगितले, आणि जगदेवने दोन्ही हातांनी कान झाकले. "मी नाही दाबत! मले सांगू नका. एकदा दाबलं तेवढं बस झालं. मी बुडवलं त्याले!"

"जगदेव!" टाकीतून आवाज घुमला. तो आवाज शांत होता, आणि म्हणून सर्वांना तो परका वाटला. "भेतं काय लेका?"

"भेतो! भेणार नाही तं काय!" जगदेव रडत होता. "माहा हात कापून राह्यला देवमन. तू म्हणतं ते तुमचं काई मले येत नाही."

"तुह्यं जे येते ते म्हण. बापाचं नाव घे. पण सावकाश घे."

याच क्षणी पॅनलवरचा लाल दिवा लागला. लाईन आली.

जगदेव खोलीत गेला. बाहेरच्यांनी पाहिले की, तो बटनापुढे हात जोडून उभा राहिला. ओठ हलत होते. कोणाचे नाव घेत होता ते त्याने पुढे कोणालाही सांगितले नाही. मग डोळे उघडे ठेवून त्याने बटन दाबले.

पाइप खोकला. लोट पुन्हा कोसळला. गंगू वर पालथी पडून तोंडातून आत हात घालून राहिली होती. पाण्याच्या गर्जनेतून तिला देवमनचे म्हणणे ऐकू येईना, म्हणून ती स्वतःच म्हणू लागली. खाली उभ्या असलेल्यांनी तिचे ऐकून धरले, आणि भोंग्यावाचून सारी वस्ती म्हणू लागली. देवमनने कासऱ्यात हात अडकवला होता. पाणी त्याला उचलत होते, मुंगीच्या गतीने. एक वीत. त्याचे डोके अंधारातून वर येऊ लागले, आभाळाचा तुकडा परातीएवढा होता तो सुपाएवढा झाला. मग बोटांना गंजलेला गज लागला. पहिला. मग दुसरा. मग गंगूचा हात, बांगड्यांसकट.

तो तोंडातून कमरेपर्यंत बाहेर आला आणि तेथेच थांबला. समोर विहार होता. त्यापुढे पंचशील ध्वज वाऱ्याविना लोंबत होता, फडकतही नव्हता. देवमन त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. कॅन अजून त्याच्या बनियनमध्येच होती.

"बंद कर बे आता!" तो खाली ओरडला. "पाणी वाया जाऊन राह्यलं!"

त्याला खाली उतरवेपर्यंत गर्दी वाढली होती. आसेगावहून गाडी बोलावण्यात आली. रंजीता त्याचे डोके पुसत होती, भंतेजी स्वतः आले होते. या सर्वांत जगदेव दिसेना. मग लोक बाजूला झाले. जगदेव विहाराकडून येत होता. त्याच्या दोन्ही हातांत, जशी पूजेची फुले न्यावीत तशा, निळ्या आणि पिवळ्या पट्ट्याच्या चपला होत्या. त्या गावात, त्या रस्त्याने, गावंड्यांच्या घरच्या माणसाने कोणाच्या चपला हातात धरून नेल्या, असे कोणाच्याही पाहण्यात नव्हते. त्याने त्या देवमनच्या पायापाशी ठेवल्या, आणि खाली बसून सुजलेला पाय बाजूला ठेवत चांगल्या पायात एक घातली.

"इथीच ठेवत जाय," तो म्हणाला. "कुठी वंदनेले जा, का लग्नाले जा. ह्या इथी ठेवून जाय."

"अनवाणी जाऊ का वंदनेले?"

"माह्या घालून जाय."

देवमन हसला, आणि हसता हसता त्याला कापरे भरले. तेव्हा जगदेवने त्याचा हात धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही.

त्या दिवसापासून जगदेव केवळ चपला पाहून बटन दाबत नाही. तो आधी शिडीखाली उभा राहून वर तोंड करून "देवमन?" अशी हाक मारतो. देवमन शेजारीच उभा असला तरी मारतो. आणि देवमनही "हाव, इथीच हावो," असे उत्तर देतो, हसत नाही.

ही हकीकत मी देवमनभाऊ आणि गंगूबाई यांच्या तोंडून ऐकून, जशी समजली तशी लिहिली आहे. त्या दिवशी माईक माझ्या हाती होता, आणि माझ्याच आवाजाखाली एका माणसाची हाक दबून गेली, ही गोष्ट मी लपवू इच्छित नाही. आता मी दर ओळीनंतर थोडे थांबतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्याने लेखनात काही उणे राहिले असल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. आपण आपला बहुमोल वेळ देऊन शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला,
इंद्रभान तुळशीराम पडघान
मु. धामणदरी, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम